सोडलेल्या वस्तूंचं फडताळ

बाईंनी दादांची गोळ्यांची बाटली उचलली आणि खाली उमटलेल्या खुणेकडे पाहतच राहिल्या. चहूबाजूंनी धूळ आणि मधे बाटलीच्या बुडाएवढं स्वच्छ वर्तुळ. गुडघ्यानं दगा दिल्यामुळे महिनाभर या फडताळावर त्यांचं फडकं फिरलं नव्हतं, तरी शेजारच्या बाटल्यांभोवती धूळ नावालाही नव्हती. तिथे नुसती बोटांची फरफट दिसत होती.

प्रार्थनाघरातलं हे फडताळ म्हणजे दादांच्या आयुष्याची कमाई. ज्याला प्रार्थनेनं गुण आला, त्यानं आपलं औषध, चष्मा, काठी, जे असेल ते सगळ्यांसमोर इथे आणून सोडायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. हिवाळ्यात दादांनी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्याही इथे सोडल्या. तेव्हा माणसं रडली होती. बाई रडल्या नव्हत्या. त्या दादांच्या धाकट्या बहीण, जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या, आणि फाटे फोडण्याबद्दल घरात बदनाम.

दार करकरलं. बाई फडताळाच्या आडोशाला होत्या, त्यामुळे आत आलेल्या शिंपीमामांना त्या दिसल्या नाहीत. मामांनी सराईत हातानं आपली बाटली काढली, गोळी तोंडात टाकली आणि वळले तो समोर बाई.

"काय मामा?"

"पेपरमिंट," मामा गाल फुगवून म्हणाले.

"पाणी देऊ पेपरमिंटवर?"

मामा मटकन बाकावर बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते एकटेच नव्हते. पोस्टातल्या काकू चष्म्यासाठी येत, गवंडी दम्याच्या औषधासाठी. बाटल्या संपल्या की गुपचूप त्याच जागी तशाच नव्या ठेवल्या जात. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं.

"दादांना सांगू नका, बाई. त्यांचं मन मोडेल. देवमाणूस आहे तो."

"आणि देवमाणसाच्या बाटलीवर धूळ साचलीय, ती नाही दिसली कुणाला?"



त्या संध्याकाळी दादा जिना चढताना दोनदा थांबले. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. आठवड्यापूर्वी ते भर प्रार्थनेत टेबल धरून खाली बसले होते आणि लोकांना वाटलं होतं, दादा देवात हरवले. बाईंनी ताट वाढून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, गोळ्या सुरू कर."

"झालं तुझं सुरू."

"डॉक्टरला एकदा दाखव तरी."

"तू गणिताची ना? मग हिशेबानं बोलू." दादा धापा टाकत हसले. "फडताळावर औषध सोडलेला एक तरी माणूस अंथरुणाला खिळलाय? शिंपी बघ, काकू बघ. गवंडी परवा पोतं उचलत होता. मी काय डोळे मिटून विश्वास ठेवतो? बघतो आणि मग ठेवतो. पुरावा आणखी कसला हवा तुला?"

दादांचा तर्क कुठेच चुकत नव्हता. चुकत होतं ते त्यांच्यापुढे मांडलेलं उदाहरण, आणि ते सगळ्या गावानं मिळून, प्रेमानं, खोटं मांडलं होतं. बाईंना त्या प्रेमाचा असा संताप आला की जेवण गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर भरलेलं होतं. दादांनी बोलायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वाक्याला श्वास पुरेना म्हणून थांबले. बाई उठल्या. लंगडत फडताळापाशी गेल्या, शिंपीमामांची बाटली उचलून दादांपुढच्या टेबलावर ठेवली.

"हे काय चाललंय?" दादा म्हणाले.

"हिच्यावरची तारीख वाच. तू गेल्या वर्षी सोडायला लावलीस ना ही? गोळ्या मागच्या महिन्यातल्या आहेत."

मग तिच्याशेजारी दम्याचं औषध. त्याच्याशेजारी काकूंचा चष्मा, नवी काच बसवलेला. शेवटी बाईंनी दादांची बाटली आणली, झाकणावरची धूळ पदरानं न पुसता तशीच ठेवली.

"ही तेवढी खरी," त्या म्हणाल्या. बोलताना आवाज फाटला आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. "मामा, उठा. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मामा उठले. टोपी हातात घेऊन चुरगाळत राहिले. "दादा, तुमच्या शब्दानं धीर यायचा. खोटं नाही सांगत. पण गुण... गुण गोळीनं यायचा."

"आणि बाकीचे?"

दादांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. पोरवयात प्रार्थनेनं तापातून उठल्यापासून ज्या विश्वासावर ते जगले होते, तो कुणीतरी पायाखालून काढून घेतल्यासारखे ते उभे होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमचं मन राखायला," मागून काकू पुटपुटल्या.

दादांनी बहिणीकडे पाहिलं. "तू मला कुठला ठेवला नाहीस. नीघ इथून."

"निघते. आधी गोळी घे."

"देवाच्या घरात मला हुकूम करतेस?"

"देवाचं काय ते देव बघेल. भाऊ माझा आहे."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मग दादांनी घसा खाकरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटा."

सगळ्यांचे डोळे मिटले. दादांचा हात टेबलावरून हळूहळू बाटलीकडे सरकू लागला.

"कुणी डोळे मिटायचे नाहीत!" बाई वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या. "झाला तेवढा चोरटेपणा पुरे. बघा सगळ्यांनी."

आधी मामांनी डोळे उघडले, मग काकूंनी, मग एकेक करत सगळ्यांनी. दादांचा हात झाकणावर थांबला होता. चेहरा लालबुंद झाला होता. ते बहिणीकडे बघत राहिले आणि तिनंही नजर काढून घेतली नाही.

दादांनी झाकण फिरवलं.

"पाणी आण," ते म्हणाले. "आणि ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."