ओदिलियाची दहा मिनिटे

ओदिलियाने अर्ज खाटकाच्या ओट्यावर ठेवला आणि रक्त लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र सरकवले.

"इथे नाव, इथे ओळखपत्राचा नंबर."

हेरार्दो खाटकाने हात पुसले, पण पेन उचलले नाही.

"कोंडवाड्याची तक्रार, आणि तीही तुम्ही? तिथला राखणदार तुमचाच कोंपाद्रे ना?"

"म्हणून कुत्र्यांनी उपाशी मरायचं?"

"तसं नाही हो. पण घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला?"

"सही करा. नाहीतर उद्यापासून समोरच्याकडे जाईन."

त्याने सही केली. ती एकशे बारावी होती.

पहिल्या अर्जाला नगरपालिकेने कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत उत्तर दिले होते. कुत्री एकेचाळीस, सर्व धडधाकट. खाली राखणदार एव्हेलिओची सही. लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटलेले हे दोघे. पण एव्हेलिओने धर्मपिता म्हणून तिच्या मुलीला बाप्तिस्म्याला हातावर घेतले, तो कोंपाद्रे झाला आणि ती कोमाद्रे. तेव्हापासून दोघे व्याह्यांसारखे अहो-जाहो करू लागले. कोंपाद्रेशी भांडणे म्हणजे या डोंगरात पापच. तरी ती सही पाहून ओदिलियाने हा दुसरा अर्ज लिहिला. त्यात तिने नेमके मागितले होते: कायमचा पशुवैद्य, आणि दर महिन्याला गावकऱ्यांनी न कळवता करायची तपासणी.

खाटकाकडून ती थेट कोंडवाड्यावर गेली. एव्हेलिओने काळ्या कॉफीचा कप पुढे केला. तिने घेतला नाही.

"वाचून सही केलीत?"

"छापूनच आलं होतं. नगरपालिकेचा जीपवाला दारात थांबला होता."

"आणि तो? धडधाकट?"

कोपऱ्यात एक पिवळा कुत्रा पडला होता. त्याच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. एव्हेलिओ त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि गुळाच्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या ओठाला लावू लागला. ओदिलियाला फक्त त्या फासळ्या दिसल्या, आणि संताप आला.

"गुरुवारी नगरपालिकेच्या सभेत नाव घेणार मी. पहिलं तुमचंच."

"घ्या कोमाद्रे. सही माझीच आहे."

गुरुवारी सभागृह भरले. नाव नोंदवलेल्या प्रत्येक नागरिकाला दहा मिनिटे मिळत. आधी नगरपालिकेच्या साहेबांनी तेच पत्र पुन्हा वाचले, एकेचाळीसवर जरा जोर देऊन. मग ओदिलिया उठली. तिच्या कागदाची पहिली ओळ 'राखणदार एव्हेलिओ' अशी होती. तो मागे दाराशी उभा होता, रबरी बूट चिखलाने भरलेले, हॅट पोटाशी धरलेली. त्याला तिथे कोणी बोलावले नव्हते. नोकरी जाईल हे त्याला कळत नसेल असे नाही. तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"माझी दहा मिनिटं कोंपाद्रेंना द्या."

"असं चालत नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"कुठे लिहिलंय?"

चिटणीसबाईंनी नियमांचे पुस्तक दोनदा चाळले. कुठेच लिहिलेले नव्हते.

एव्हेलिओ पुढे आला. माइक त्याच्या मानाने खाली होता; तो वाकला.

"जानेवारी," तो म्हणाला. "कार्बोन, काळा, हगवणीने. मोना, आणि तिची चार पिल्लं. त्या आठवड्यात खाणं आलंच नाही. एक पांढरी, नाव ठेवायच्या आतच गेली. फेब्रुवारी. खेनेराल, एका कानाचा, जखमेत अळ्या पडून..."

त्याच्या हातात कागद नव्हता. साहेब आपल्या पत्राकडे पाहत राहिले. मागच्या रांगेत कोणीतरी नाक शिंकरले. ओदिलियाला स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच.

घंटा वाजली.

"वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले.

"मी अजून मे महिन्यातच आहे, साहेब."

पुढचे नाव म्हाताऱ्या तुलिओ मोच्याचे होते. गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल बोलायला त्याने महिनाभरापूर्वी नंबर लावला होता. तो काठी टेकत उठला.

"माझी दहा मिनिटंही यालाच. गटार काय, कुठे पळून जात नाही."

एव्हेलिओ पुन्हा माइकपाशी वाकला.

"जून," तो म्हणाला.