उलटी बाहुली

रविवारी आमच्या लेकीला प्राणिसंग्रहालयात न्यायचं, हे सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. कुठली गाडी, कुठल्या बाकावर बसून डबे खायचे, सगळं! नवरा म्हणाला, "आईला वाईट वाटेल गं." याला काय जातंय म्हणायला? पहाटे उठून सगळ्यांचे डबे मी भरायचे.

शनिवारी आमच्या काहोने खिडकीत पांढऱ्या फडक्याची बाहुली टांगली. नागोयातली काय, अख्ख्या जपानातली पोरं सहलीआधी टांगतात. सुलटी टांगली तर ऊन पडतं, उलटी टांगली तर पाऊस.

संध्याकाळी तांदूळ धुता धुता मला राहवेना. हात पुसून खिडकीशी गेले, तर बाहुली आधीच उलटी!

"काहो, तुझं काम ना हे?"

"मी नाही! पण असू दे ना, आई. आजी तिथे पळूसुद्धा देत नाही."

नवऱ्याने घाईघाईने टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे हासुद्धा!

आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसणार, एवढ्यात जिन्यात सासूबाईंच्या सपाता वाजल्या.

"मिसाको, उद्याची तयारी झाली का गं?"

"झाली हो, आई," मी म्हणाले आणि माझ्याच हाताने बाहुली सुलटी केली.