मनोहररावांचं आख्यान

"...तेव्हा प्राध्यापकांवरच्या ताणाची मुख्य कारणं तीन," असं म्हणत अर्थशास्त्राचे मनोहरराव ढोबळे खुर्चीतून उठले आणि समोर फळा नाही हे ध्यानात येऊन पुन्हा बसले.

विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात ते पहिल्यांदाच आले होते. इथं नेमकं करतात तरी काय, याचं त्यांना भारी कुतूहल; पण कधीपासून बोलत होते ते स्वतःच. रिकामी पदं, मूल्यांकनाचे कागद, एकाच्या डोक्यावर तिघांचे तास. मौदा गावाकडची तरुण समुपदेशक मेघा मॅडम ऐकत होती.

"सर, कीर्तनाले जाता का तुम्ही?" तिनं मध्येच विचारलं.

"दर एकादशीले. नंदनवन वस्तीतल्या मंदिरात. काहून?"

"पूर्वरंगातलं निरूपण मस्त झालं. आता आख्यान लावा ना, गोष्ट सांगा. तुमची."

मनोहररावांना हसू फुटलं, आणि फुटल्या जागीच विरलं. बुवांनी आख्यान लावलं की मागच्या लेकुरवाळ्यांची चुळबुळही थांबते, तशी खोली गप्प झाली.

"सोमवारी एका पोरीवर डस्टर फेकला मी," ते म्हणाले. "पायल नाव तिचं. 'सर, पुन्हा सांगता का?' एवढंच बोलली बिचारी. डस्टर खिडकीवर आदळला. वीतभर इकडं असता तं डोळा गेला असता, मॅडम. तवापासून वर्गाच्या दारापर्यंत जातो न् परत येतो. नोकरीच सोडावी म्हन्तो."

"घरी सांगितलं?"

"बायको विचारते, तब्येत बरी नाही का? मी सर्दी म्हन्तो."

"आणि पायलले?"

"कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"काय सांगसान तिले?"

मनोहररावांनी तोंड उघडलं. ओठांवर रिकामी पदं आली, कागद आले, तिघांचे तास आले. त्यांनी सगळं गिळलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"बाराचा तास आहे माझा," शेवटी ते म्हणाले.

"मी येऊ दारापर्यंत?"

"नको. देवाचं नाव घेतो न् जातो."

वर्गाच्या उंबऱ्याशी पाय अडखळलेच. मनात विठ्ठलाचं नाव घेत त्यांनी तो ओलांडला. मुलं उभी राहिली. पहिल्या बाकावर बसणारी पायल आज शेवटच्या बाकावर होती. मनोहरराव फळ्याकडे न वळता तिच्या दिशेनं निघाले, तशी ती भिंतीला टेकली.

ते होते तिथंच थांबले. दोन्ही हात पाठीमागे धरले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, चुकलो मी."