परवा येऊन राहिलो

टाकलं: परवा आलो होतो.
निघालं: सोमवार.

टाकलं: परवा येतो.
निघालं: शुक्रवार.

बुधवारची सकाळ, औंढा नागनाथ, २००५. उकंडरावांच्या लॉजच्या काउंटरवर अंजली आपला पहिलावहिला प्रोग्राम चालवून दाखवत होती. चेहरा गंभीर ठेवला होता, पण आतून फुलून आली होती.

एकच शब्द, परवा. मागेही जातो, पुढेही. प्रोग्रामिंगच्या भाषेत तारीख वाचणारं तयार फंक्शन होतं. त्याला इंग्रजीतला उद्या कळायचा, पुढचा सोमवार कळायचा. परवा दिसला की ते हात वर करायचं. म्हणून अंजलीने स्वतःचं लिहिलं. क्रियापद बघायचं. शेवटी ला, ली, लो, ले आलं, की दिवस मागे मोजायचे. नाहीतर पुढे. साधं, आणि तिचं स्वतःचं.

उकंडरावांना हेच हवं होतं. खोली मागणारा फोनवर तारीख कधी सांगतो? तो जे बोलेल ते टाइप करावं, तारीख मशीनने शोधावी. शिवरात्र तोंडावर आलेली. आज जमलं तर काउंटरवर अंजलीचा प्रोग्राम. नाही जमलं तर नांदेडच्या दुकानातला, तारखेच्या चौकटींचा. त्याचं कौतुक त्यांचा पुतण्या चिन्मय दोन्ही वेळच्या जेवणात सांगायचा.

फोन वाजला. साखऱ्याहून मल्हारी, खोली मागत होता. उकंडराव त्याचं वाक्य मोठ्याने म्हणाले, अंजलीने तसंच टाकलं.

टाकलं: आमी समदे परवा येऊन राहिलो.
निघालं: सोमवार.

शेजारी उभा चिन्मय पडद्याकडे वाकला.

"काका, मल्हारी येऊन गेला म्हने! चहा तरी पाजला का त्याला?"

अंजलीचे कान तापले. राहिलो. शेवटी लो. प्रोग्रामने तिचंच ऐकलं होतं. नियम तिने पुस्तकी मराठीवरून बांधला होता, आणि घरी ती स्वतः रोज म्हणायची, आई, मी जेवून राहिले, म्हणजे जेवतेय.

"काहून गं असं झालं?" उकंडरावांनी विचारलं.

"त्याला पुण्याची मराठी शिकवली, काका. थांबा थोडं."

तिने एक ओळ घातली. राहिलो, राहिली, राहिले दिसलं, की पुढे मोज.

निघालं: शुक्रवार.

"बराबर!" म्हणत उकंडरावांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनाही आता चव लागली होती. "आता माझं टाक."

टाकलं: परवा तुमच्याकडंच राहिलो, कांबळं इसरलं.
निघालं: शुक्रवार.

चिन्मयने टाळी वाजवली. "अजून यायचा हाय, अन् कांबळं आधीच इसरला! काका, नांदेडला फोन लावू?"

"लाव की," उकंडराव म्हणाले. पण बघत होते अंजलीकडे.

लॉजच ना ही. इथे माणसं राहतातच. एक राहिलो मुक्कामाचा, एक राहिलो नुसता दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला आलेला. कानाला दोन्ही लगेच वेगळे कळतात. कशावरून? अंजली ओठांत पुटपुटू लागली. येऊन राहिलो. जाऊन राहिलो. निघून राहिलो. तुमच्याकडंच राहिलो.

ऊन!

आधीच्या शब्दाच्या शेवटी ऊन ऐकू आलं तर पुढे. नाहीतर मागे. आणि पाठोपाठ होतो आला, तर काहीही असो, मागेच. तिने ओळ बदलली.

टाकलं: परवा तुमच्याकडंच राहिलो, कांबळं इसरलं.
निघालं: सोमवार.

टाकलं: आमी समदे परवा येऊन राहिलो.
निघालं: शुक्रवार.

चिन्मयने स्वतः कीबोर्ड ओढला.

टाकलं: तेरवा निघून राहिलो.
निघालं: शनिवार.

त्याने परत टाकलं. परत शनिवार. "तेरवा पण?" तो हळूच म्हणाला.

"तेरवा तर पहिल्या दिवशीच घातला होता," अंजली म्हणाली.

"नांदेडवाल्याला हे कळंल का रे?" उकंडरावांनी विचारलं.

"चौकटीत शब्दच बसत न्हाई, काका."

"मंग नांदेडचा फोन राहू दे. पोरी, शुक्रवारी मल्हारीला खालची खोली दे, संगं म्हातारी असंल."

अंजलीने खोली नोंदवली. मग ती पुन्हा प्रोग्रामात शिरली आणि त्या नव्या ओळीच्या वर, पुढे कधी हे उघडणाऱ्या कुणासाठीही, लिहिलं:

ही चूक नाही. हिंगोलीत असंच बोलतात. ही ओळ काढू नये. — अंजली