राजानं रूळ वाजवला

मी लोखंडाचा तुकडा बोलतोय. रेल्वेच्या जुन्या रुळाचा, हातभर लांब. बल्लारशाकडून कोणीतरी बैलगाडीत घालून आणला आणि चामोर्शीजवळच्या या गावात शाळेपुढच्या चिंचेला टांगला. पोरांचा हात पुरावा म्हणून खालीच टांगला. सगळे मला रूळच म्हणतात.

माझं काम सोपं. दहा ठोके सावकाश पडले की शाळा. ठोके थांबतच नाहीत, तेव्हा वाघ नाहीतर आग. मग अख्खं गाव हातातलं टाकून धावत येई. वीस वर्षांत मी वाजलो आणि कोणी आलं नाही, असं एकदाही झालं नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

चौऱ्यांशी सालच्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, देवराव मास्तरांनी नाटक लिहिलं. गावात दरसाल नाटक होतंच, पण हे चीनचं. मिंग घराण्याचं पावणेतीनशे वर्षांचं राज्य बुडतं, त्याची गोष्ट. आधी दुष्काळ, मग बंड. बंडखोर राजधानीच्या दारात येतात. राजा प्रधानांना बोलवायला स्वतः घंटा वाजवतो, वाजवतच राहतो, आणि कोणीही येत नाही. मग तो महालामागच्या टेकडीवर जाऊन झाडाला फास घेतो.

राजा झाला पत्रू. आवाज मोठा, मिशा मोठ्या, पाठांतर बेताचं. मुख्य प्रधान झाले बापूराव. घंटा मी.

पहिल्या तालमीला पत्रूनं मला बडवलं आणि गाव कुऱ्हाडी, बादल्या घेऊन हजर! "कुठी आहे वाघ?" मास्तर कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्या दिवशी कोतवालानं दवंडी दिली, दुपारी रूळ वाजला तर कोणी येऊ नका, तालीम आहे. प्रधानांनाही मास्तरांनी बजावलं, "राजानं हात तुटेपर्यंत वाजवलं तरी शाळेच्या भिंतीमागून हलाचं नाई."

दहा दिवसांत सगळे शिकले. मी वाजे आणि बायका धान पाखडत राहत. आधी वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं.

अकराव्या दुपारी पत्रू माझ्यापुढे उभा राहिला. भाषण निम्म्यात सुटलं. त्यानं छाती दाबून धरली, तोंडातून शब्द निघेना. मग त्यानं हातोडी उचलली. रोज ती घणासारखी पडे, आज नुसती लागत होती. मला कळलं. पण मी काय करणार? मला फक्त वाजता येतं.

"वा रे पत्रू!" लांब ओट्यावरून मास्तर ओरडले. "आज आला राजा अंगात!"

भिंतीमागे एक प्रधान पुढे सरकला. बापूरावांनी त्याला मागं ओढलं. पत्रू गुडघ्यावर आला, तरी त्याचा हात वर येतच होता.

एवढ्यात त्याची बायको कमला धावत आली. केसांत धानाचा कोंडा तसाच.

"कमलाबाई, तुमी काऊन आल्या?" मास्तर चिडले. "राजाकडं कोणी येत नाई, असाच सीन आहे!"

"त्याचा हात असा नाई पडत जी," ती म्हणाली. "मास्तर, पाहा तरी मानसाकडं!"

गाडी जुंपली. गडचिरोलीचा दवाखाना दूर. पत्रू गावाच्या शिवेपर्यंतही जगला नाही.

नाटक झालं नाही. मास्तर बदली मागून गेले. शाळेला पितळी घंटा आली. मी चिंचेलाच आहे, गंज धरून. काही वाटत नाही आता. गेल्या साली गोठ्यात बिबट शिरला, तेव्हा मला ठोकलं. लोक आले, पण आधी आपापल्या दारात उभे राहून एकमेकांची तोंडं पाहत होते. माझं एवढंच मागणं आहे. आधी या. नाटक निघालं तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आधी या.

कमला रोज याच वाटेनं शेतावर जाते. माझ्याकडे पाहत नाही. मी वाजलो होतो, बाई. त्याच्या हातात जेवढा जोर होता, तेवढा वाजलो होतो.