मनूनं जाळलेली वही

गुरुजींचा संप मिटला आणि कोरेगावजवळच्या त्या गावात दोन महिन्यांनी शाळेची घंटा झाली. त्याच सकाळी सयाजीरावांची थोरली लेक मनू चुलीपुढं बसून धाकट्या कुसुमच्या वहीची पानं जाळत होती.

मनू सोळा वर्षांची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पाच वर्षांमागं दुष्काळात शाळा बंद पडली, ती आईबरोबर खडी फोडायला गेली आणि पुन्हा शाळेत गेलीच नाही. चौदाव्या वर्षी लग्न झालं. आता सातवीतली कुसुम दप्तर आवरायला बसली की मनूला बघवत नसे.

वही सापडेना. शेणगोठा करता करता कुसुम भागाकारही विसरली होती. वर्गात उभं करतील, सगळे हसतील, ही धास्ती तिनं घेतली. आठ दिवस ती घरीच राहिली. सयाजीरावांनी विचारलंसुद्धा नाही. कुसुमला शिराळ्याकडचं स्थळ चालून आलं होतं.

नवव्या दिवशी शिक्षिका लीलाबाई दारात आल्या.

"लय कटाळलीया ती शाळंला," मनू म्हणाली.

"वही सापडंना. गणितंबी इसरले," कुसुम पुटपुटली.

"कुसुम, वर्गात कुणालाच काही आठवत नाही," लीलाबाई म्हणाल्या. "महिनाभर परीक्षा नाही. आधी घरी काय काय केलंत ते ऐकणार, मग सोपी गणितं. वही नसली तरी ये." मग त्या मनूकडं वळल्या. "दुष्काळ सरल्यावर तू आली नाहीस, तेव्हा मी हजेरीतलं नाव खोडलं. तुझ्या दारात आले नाही. चुकलंच माझं."

"झालं गेलं ऱ्हाऊ द्या, बाई," सयाजीराव म्हणाले. "पोरीला सातवी लय झाली."

मनू उठली. "आबा, ती कटाळली न्हाई. वही म्या जाळली. तिचा लय हेवा वाटत हुता. माझ्यावानीच तिचंबी व्हावं वाटायचं. आता नगं वाटतंय. ते स्थळ परत धाडा, न्हाईतर मी आजच सासरी जाते."

पहिलं बाळंतपण झाल्याशिवाय लेक माहेराहून गेली, तर चारचौघांत तोंड दाखवता आलं नसतं. सयाजीराव पटका गुंडाळत उठले. मग म्हणाले, "धाडतो सांगावा."

दुसऱ्या दिवशी मनू बहिणीला सोडायला गेली आणि हजेरी होईपर्यंत खिडकीशी उभी राहिली. कुसुम "हजर" म्हणाली, तेव्हा मनूच्या छातीत जुनाच हेवा पेटला. तो गेला नव्हता.

वर्गातल्या चार मुली अजून आल्या नव्हत्या. शाळा सुटल्यावर लीलाबाई त्यांच्या घरी निघाल्या. कुसुमला न्यायला आलेली मनूही जड पोट सावरत त्यांच्याबरोबर चालू लागली.