वर्सोव्यातलं गाऱ्हाणं

देवेशने वर्सोव्याला घर घेतलं आणि साकीनाक्याच्या अख्ख्या चाळीला एकच पाढा ऐकावा लागला. समुद्र चालत सात मिनिटं. खाली पोहायचा तलाव, गच्चीवर योगा, कोपऱ्यावर नाटकाच्या तालमी, रविवारी शिडाची होडी शिकवतात. "बाबा, करायला एवढं आहे ना, कंटाळायला वेळच मिळणार नाही!"

बाबा म्हणजे लवू. चौतीस वर्षं साकीनाक्यात लेथ मशीनवर उभा राहिलेला माणूस. त्याला शिडाची होडी काय चाटायची होती? नव्या घरात आपली खाट कुठे पडणार, एवढंच त्याला कळायला हवं होतं. चाळीतली खोली याच घरापायी विकली होती, महिनाअखेर ती सोडायची होती. नव्या घरात एक खोली देवेश-जान्हवीची, दुसरी नात दिशाची. तिसरी इवलीशी, तिच्यात देवेशचं ऑफिसचं टेबल आधीच जाऊन बसलं होतं.

विषय काढला की देवेश म्हणायचा, "होईल हो सगळं, आधी शिफ्टिंग तर होऊ दे." आणि सूनबाई लगेच, "गावाला आता आंबे सुरू झाले असतील ना, बाबा? मस्त हवापालट होईल." हे तिने तीनदा म्हटलं. लवूला काही कमी ऐकू येत नव्हतं.

बरं, माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर तोंडावर सांगून मोकळी झाली असती.

गृहप्रवेशाला भावकीतली आठदहा जणं आली. बाराव्या मजल्यावरून समुद्र बघून सगळ्यांनी "झकास, झकास" केलं, फोटो काढले. मग लवूच्या धाकट्या भावाने, अनंतने, पाटावर नारळ-विडा मांडला आणि लवूला पुढे केलं. मालवणी माणसाचं नवं घर म्हणजे थोरल्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि दर मागण्याला बाकीच्यांनी मागून एका आवाजात होकार भरायचा. त्यात डोकं चालवावं लागत नाही, लहानपणापासून तोंडाला वळणच पडलेलं असतं.

लवूने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान ह्या घर घेतल्यान, तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सुनेक, नातीक सुखात ठेव, खयची इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवेशचा आवाज सगळ्यांत मोठा.

नारळावरची नजर लवूने हलवली नाही.

"आणि झिलाच्या मनात बापाशीक गावाक धाडूचा आसा, पण सांगूक तेका जमना नाय. ता तोंडार सांगूचा धाडस तेका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळेच म्हणाले. देवेश तर दणकून म्हणाला. जान्हवीने दंडाला चिमटा काढला तेव्हा कुठे त्याला उमगलं, आणि त्याचा चेहरा खाडकन उतरला. बाकीची मंडळी समुद्राकडे बघायला लागली.

"बाबा, तसं नाही ओ..."

"गाऱ्हाण्यात मध्ये बोलू नये," लवू म्हणाला. आतून तो तुटला होता, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. महिनाभर जे कोणी सांगत नव्हतं ते एकदाचं कळलं होतं. त्याने नारळ फोडला, दोन्ही शकलं पाटावर ठेवली, हात पुसले.

"तिकीट कधीचं काढलंस?"

देवेशने मान वर केली नाही.

"गुरुवारचं," तो म्हणाला.